पोत्यातले भंगार आणि फळीवरचा माल

कापडाच्या व्यापाऱ्याला माल आणि भंगार यांतला फरक शिकवावा लागत नाही. ज्या ताग्याला चिठ्ठी आहे, चिठ्ठीवर लॉट नंबर, पन्हा आणि मीटर आहे, तो माल. ज्याची चिठ्ठी गळाली तो तागा कितीही उंची असो, शेवटी कटपीसच्या भावात जातो. एवढे शहाणपण आपल्या धंद्यात बाप मुलाला पहिल्याच वर्षी देतो. मग कॉम्प्युटरच्या जुन्या सामानाच्या बाबतीत आपण हेच का विसरतो, असा माझा सवाल आहे.

भिवंडी, मालेगाव, सुरत, कुठल्याही वीस-पंचवीस वर्षांच्या जुन्या पेढीच्या माळ्यावर चढून पाहा. बिले काढणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, पिवळे पडलेले दोन कीबोर्ड, दार उघडे असलेला सीपीयूचा डबा, आणि एका पोत्यात रॅमच्या पट्ट्या, कार्डे, केबलींचा गुंता, फ्लॉपी ड्राइव्ह. कोणी ते टाकत नाही, कारण त्या काळी पैसे मोजून घेतलेले असते. कोणी ते लावतही नाही, कारण आता त्याचा उपयोग काय, असे वाटते. वर्षानुवर्षे ते पोते भाडे न देता जागा खात पडून राहते आणि एक दिवस दिवाळीच्या किंवा ईदच्या सफाईत जाते.

माझे पोते २००८ साली गेले. भंगारवाल्याने सव्वासहाशे रुपये दिले आणि मी खूश झालो. त्या वेळी माझ्याकडे दोन कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी मशिने होती, सेकंडहँड घेतलेली. डिझाइन साडेतीन इंची फ्लॉपीवरून मशीनमध्ये जायचे. पुढच्याच वर्षी, २००९ च्या रमजानात, ईदच्या मालाची ऑर्डर अंगावर असताना एका मशीनचा फ्लॉपी ड्राइव्ह मेला. मुंबईच्या एका दुकानातून दुसऱ्या दिवशी ड्राइव्ह आला, दिसायला अगदी जुळा भाऊ, तीच ३४ पिनांची पट्टी. बसवला तर दिवा लागलेलाच राहतो, वाचत काही नाही. दुकानदार म्हणाला, तुमच्या मशीनचे बोर्ड खराब आहे. बोर्डाचा खर्च ऐकून मला घाम फुटला.

बोर्ड चांगले होते. एका म्हाताऱ्या मेकॅनिक उस्तादांनी सांगितले तेव्हा कळले, की कॉम्प्युटरचा ड्राइव्ह आणि मशीनचा ड्राइव्ह यांचा आकार एक असला तरी निवड वेगळी असते. कॉम्प्युटरच्या केबलमध्ये मध्ये एक पीळ दिलेला असतो, म्हणून त्याचे ड्राइव्ह कारखान्यातूनच दुसऱ्या क्रमांकावर लावलेले येतात. मशीनमध्ये सरळ केबल असते, तिला पहिल्या क्रमांकाचा ड्राइव्ह लागतो. शिवाय माझे मशीन ७२० केबीची फ्लॉपी मागत होते, १.४४ एमबीची नव्हे. जुन्या ड्राइव्हवर हा क्रमांक बदलायला छोटा जंपर असे, नव्या ड्राइव्हवर तो काढूनच टाकला होता. जंपरवाले तीन ड्राइव्ह माझ्या त्या पोत्यात होते. उस्तादांनी स्वतःच्या पेटीतून एक दिला तोवर अकरा दिवस मशीन बंद होते. ऑर्डरचा निम्मा माल दुसरीकडून भरून द्यावा लागला. सव्वासहाशे रुपयांचा हिशोब मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हापासून मी हे सामान जमवतो आणि लावतो. लोक हसतात. माझे म्हणणे एवढेच, की जमवण्यात काही विशेष नाही, सगळी किंमत लावण्यात आहे.

बहुतेक जण एक चूक करतात. सामान आकारावरून वेगळे करतात. सगळी कार्डे एका खोक्यात, सगळ्या रॅम दुसऱ्यात, केबली तिसऱ्यात. दिसायला छान दिसते, पण कामाच्या दिवशी काही सापडत नाही. आपण कापड रंगावरून नाही, लॉटवरून लावतो. तसेच हे सामान ते ज्या मशीनचे आहे त्या मशीनच्या नावाने लावावे. कार्डासोबत त्याची फ्लॉपी, त्याचे पुस्तक, त्याचा स्क्रू, सगळे एका पेटीत. कार्ड आहे आणि त्याची फ्लॉपी नाही, तर निम्मा माल गेला असे समजावे. माझ्याकडे पुण्याच्या सी-डॅकचे एक जिस्ट कार्ड आहे. डॉसच्या काळात ते कॉम्प्युटरमध्ये बसवले की पडद्यावर देवनागरी आणि दुसऱ्या भारतीय लिप्या दिसायच्या. आपल्या भाषांसाठी आपल्याच देशात झालेले हे काम. पण नुसते कार्ड हातात घेऊन काय करणार? ज्यांच्याकडे त्याची फ्लॉपी आणि पुस्तकही जपलेले आहे, त्यांनी ते कोणत्याही भावाला तोडून विकू नये.

जे कोणत्याच मशीनचे नाही ते मात्र जातीनुसार लावावे, आणि इथे डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, पिना मोजाव्यात. रॅमच्या पट्ट्या ३० पिनांच्या, ७२ पिनांच्या, मग १६८ च्या, १८४ च्या. २४० पिनांत तर डीडीआर टू आणि डीडीआर थ्री दोन्ही येतात, फक्त खाच वेगळ्या जागी असते. घुसत नसेल तर जोर लावू नये. जोर लावणाऱ्या पोरांनी जितके बोर्ड मारले तितके विजेनेही मारले नसतील.

आता साठवणीबद्दल. भिवंडीची हवा कापडाला जशी आहे तशीच यालाही आहे, म्हणजे वाईट. पावसाळ्यात फ्लॉपीच्या आतल्या चकतीवर बुरशी धरते आणि अशी एक फ्लॉपी चांगल्या ड्राइव्हचे हेड घाण करते, मग तो ड्राइव्ह पुढच्या दहा फ्लॉपींवर ओरखडे काढतो. म्हणून शटर सरकवून चकती उजेडात पाहिल्याशिवाय जुनी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नये. सामान जमिनीवर ठेवू नये हे २६ जुलै २००५ च्या पावसाने आपल्याला शिकवले आहे. माझी खालची फळी जमिनीपासून दोन फूट वर आहे. झाकणाचे डबे, आत सिलिका जेलच्या पुड्या, पावसाळ्यापूर्वी त्या बदलायच्या. कापडाच्या सवयीने कोणी डांबराच्या गोळ्या टाकील, तर त्या टाकू नयेत, काही प्लास्टिक त्यांच्या वाफेने मऊ होते. रबर बँडने केबली बांधू नयेत, दोन उन्हाळ्यांत तो वितळून गोंद होतो.

स्थिर विजेबद्दल आपल्या लोकांना जास्त सांगायला नको. हिवाळ्यात पॉलिस्टरचा तागा भरभर उलगडताना हाताला जो चटका बसतो, त्याहून कितीतरी कमी चटक्याने चिप मरते आणि आपल्याला तो जाणवतही नाही. पॉलिस्टरच्या चिंध्यांत किंवा थर्माकोलमध्ये बोर्ड गुंडाळणारे मी पाहिले आहेत. त्यापेक्षा चांदीच्या रंगाची जी अँटिस्टॅटिक पिशवी नव्या सामानासोबत येते, ती टाकून न देता जपावी.

पण सगळ्यांत मोठा शत्रू पाऊसही नाही आणि वीजही नाही. तो बोर्डावरच बसलेला असतो. ३८६ आणि ४८६ च्या पुष्कळ बोर्डांवर निळ्या रंगाची, पिंपासारखी निकेल-कॅडमियमची बॅटरी डागलेली असते. ती फुटते, तिच्यातला क्षार तांब्याच्या रेषा खात खात पुढे जातो, हिरवट पांढरी बुरशी दिसते तोवर काम झालेले असते. बोर्ड वापरात असो वा नसो, ही बॅटरी आधी कापून काढावी. मात्र कापण्यापूर्वी, बोर्ड चालत असेल तर, सेटअपमधले हार्ड डिस्कचे आकडे, सिलिंडर किती, हेड किती, सेक्टर किती, कागदावर उतरवून घ्यावेत. बॅटरी गेली की बोर्ड ते विसरतो. क्षार सांडला असेल तर ब्रशने थोडे व्हिनेगर लावून तो मारावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवावे. माझे सहा बोर्ड असे वाचले, चार गेले.

मशीनच्या बोर्डावर कधी कधी एक चिप असते, तिला काचेची छोटी खिडकी असते आणि वर कागदी लेबल चिकटवलेले असते. तिला ईप्रॉम म्हणतात. मशीन चालवणारा सगळा प्रोग्राम तिच्यात असतो आणि खिडकीतून ऊन आत गेले तर तो पुसला जातो. माझ्याकडच्या एका पोराने साफसफाईच्या उत्साहात अशी तीन लेबले खरवडून काढली आणि चिपा स्वच्छ करून खिडकीत वाळत ठेवल्या. त्याला काय बोलणार? मीच सांगितले नव्हते.

त्याच पोराने मला आणखी एक गोष्ट शिकवली. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, त्यामुळे पेट्यांवरच्या चिठ्ठ्या आणि नोंदवही मी आपसूक उर्दूत लिहीत होतो, आकडेही उर्दू. उर्दूतला पाच गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. पोराने पेटी १५ ला १० समजून सामान परत ठेवले, असे वर्षभर चालले. माझी उर्दू वही इंग्रजी माध्यमातल्या भाच्याला वाचता येत नाही, मुनीमजींना येत नाही. मी उद्या नसलो तर साठ पेट्यांचे पुन्हा एक पोते होणार, हे मला त्या दिवशी दिसले. आता पेटीवर मोठ्या अक्षरांत इंग्रजी आकडा, वहीत मराठी. वहीत चार रकाने पुरतात: काय आहे, कोणत्या मशीनचे, शेवटचे कधी चालवून पाहिले, चालले की नाही. तिसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. ‘चालू आहे’ असे लिहून तारीख न घालणे म्हणजे उधारीच्या खात्यात रक्कम लिहून नाव न घालण्यासारखे आहे.

भाचा म्हणतो, ‘मामू, फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा पेन ड्राइव्हचा डबा मिळतो, मग हे सगळे कशाला?’ त्याचे बरोबर आहे, एका मशीनला मी तो डबा बसवलाही आहे. सोनीने २०११ मध्ये फ्लॉपी विकणे थांबवले, तेव्हा आज ना उद्या हे करावेच लागणार. पण त्या डब्यालाही मशीनच्या मापाने सेट करावे लागते आणि माझी चारशे डिझाइने, पंचिंगवाल्यांना रोख पैसे देऊन करून घेतलेली, ती फ्लॉपीवरच होती. ती उतरवायला चालता जुना ड्राइव्ह लागलाच. त्यांतली ३५०-३६० उतरली, बाकीची बुरशीने खाल्ली. दहा वर्षे आधी केले असते तर सगळी उतरली असती. ज्यांच्या कपाटात फ्लॉपीचे डबे आहेत त्यांनी हे काम पुढच्या पावसाळ्यापूर्वी करावे, नवा डबा घ्यायचा की नाही ते नंतर ठरवावे.

आपल्या धंद्याचे आणि या सामानाचे नाते तसे जुने आहे. फ्रान्समधल्या लिऑनच्या जॅकार्डने १८०४ च्या सुमारास भोकांच्या पुठ्ठ्यांवर माग चालवला, त्याच कल्पनेवर बॅबेजने गणकयंत्राचा आराखडा केला आणि १८९० च्या अमेरिकेच्या जनगणनेत होलेरिथने भोकांच्या कार्डांवर माणसे मोजली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये चालू झालेल्या टिफ्रॅकची स्मृतीही बारीक लोहकड्यांतून तारा ओवून केलेली होती, उभ्या आणि आडव्या, ताणा-बाणाच म्हणा. अशी ओवलेली एक पट्टी मला कोणी दाखवली, तर मी तिचा भाव विचारण्याआधी विणकर किती हुशार होता हेच पाहीन.

याचा अर्थ सगळेच जपावे असा नाही. उलट माझ्या निम्म्या पोत्यांचा मी निकाल लावला. फुटका मॉनिटर, फुगलेल्या कपॅसिटरचे बोर्ड, नावगाव नसलेले मोडेम जपून काही मिळत नाही. फक्त ते रस्त्यावरच्या भंगारवाल्याला वजनावर देऊ नये. मॉनिटरच्या काचेत शिसे असते, बोर्डातले तांबे-सोने काढायला केबली जाळतात, तेजाब वापरतात, दिल्लीच्या सीलमपूरला आणि मुरादाबादला याचे हाल पुष्कळांनी लिहून ठेवले आहेत, आणि त्या धुरात बसणारे बहुतेक आपलेच गरीब भाऊबंद आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे हे सामान नोंदणी असलेल्या पुनर्चक्रणवाल्याकडेच जायला हवे. तो पैसे कमी देतो, हे मला माहीत आहे.

गेल्या महिन्यात शेजारच्या गल्लीतले एक एम्ब्रॉयडरीवाले रात्री साडेनऊला आले. मशीन बंद, सकाळी माल द्यायचा होता. वही काढली, पेटी २३, जंपरवाला ड्राइव्ह, जानेवारीत तपासलेला. दहा मिनिटांत त्यांच्या हातात दिला. तेवढ्या घाईतही वहीत लिहून घेतले, नाव आणि तारीख घालून. ड्राइव्ह अजून परत आलेला नाही.