कानबान कारखान्यातूनच आलं



‘कामाच्या नियोजनाची सॉफ्टवेअरं पुण्याच्या आयटीवाल्यांसाठी, फाउंड्रीला फळा आणि खडू पुरे’ असं सांगणारं पत्र वाचलं. पटलं नाही.

ट्रेलोसारख्या साधनांत कामाचं कार्ड एका रकान्यातून दुसऱ्यात सरकतं, ती कल्पना मुळात कारखान्यातली. टोयोटात ताइची ओनो यांनी आणलेली कानबान कार्डं सुट्या भागांच्या पेट्यांसोबत फिरत. आयटीवाल्यांनी ही कल्पना पुष्कळ नंतर उचलली. मग शॉप फ्लोअरवरचीच गोष्ट शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना परकी कशी?

मी शिरोलीत सुपरवायझर आहे. गेल्या वर्षी ग्राहकाने ड्रॉइंग बदललं. निरोप व्हॉट्सॲपवर आला आणि इतर मेसेजखाली दबून गेला. फळ्यावर ड्रॉइंगचा जुनाच नंबर. रात्रपाळीने जुन्या पॅटर्नवर साचे भरले. 42 कास्टिंग पुन्हा भट्टीत गेली. लोखंड परत वितळतं हो, पण वीज, वाळू आणि पोरांची रात्र परत मिळत नाही. आता प्रत्येक ऑर्डरचं कार्ड मोबाइलवर असतं, ड्रॉइंग त्यालाच जोडलेलं. ते उघडल्याशिवाय कुणी साच्याला हात लावत नाही.

पत्रलेखकांचं एक मात्र खरं. नवी साधनं शिकायची तर ऑनलाइन प्रशिक्षण बहुतेक इंग्रजीत आणि लांबलचक असतं. केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या ऑनलाइन शिक्षण मंचावर 2017 पासून अभ्यासक्रम मोफत आहेत, पण दिवसभर भट्टीसमोर उभा राहिलेला मोल्डर रात्री तासाभराचं व्याख्यान कसं ऐकणार? आम्ही दुपारच्या चहाला दहा मिनिटं मराठीतून शिकवतो. उद्योजक संघटनांनी असे छोटे पाठ व्हिडिओवर तयार करावेत. चित्रीकरणाला आमची पाळी केव्हाही तयार आहे.

— एक सुपरवायझर, शिरोली, कोल्हापूर