‘सहारा’ला खिचडी म्हणण्याआधी

संपादक महोदय,


जाझ पियानोवादक मॅकॉय टायनर यांच्या ‘सहारा’ (१९७२) या अल्बमवरचं गेल्या अंकातलं पत्र वाचलं. ‘फ्यूजनच्या लाटेत शिजलेली जाझची खिचडी’ हा त्यातला शेरा काही पटला नाही.

जाझला रॉकशी जोडणाऱ्या त्या फ्यूजनच्या लाटेत अनेक जाझ पियानोवादक इलेक्ट्रिक वाद्यांकडे वळले. टायनर मात्र साध्या पियानोलाच धरून राहिले. मग लाट कुठली? टायनर यांना असलेली दूरदेशीच्या सुरांची ओढही ऐनवेळची नव्हे. १९६१ साली सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या ‘आफ्रिका/ब्रास’ या अल्बममध्ये आणि ‘इंडिया’ या रचनेतही पियानोवर टायनरच होते.

‘सहारा’तल्या ‘व्हॅली ऑफ लाइफ’ या रचनेतल्या कोटो या जपानी तंतुवाद्याला पत्रलेखकांनी शोभेची वस्तू ठरवलं आहे. जपानी परंपरेतलं कसलेलं वादन ते नाही, हे मान्य. पण टायनर यांचा कोटो आणि सनी फॉर्च्युन यांची बासरी यांवरच ती रचना उभी आहे. शोभेच्या वस्तूला इतका भार पेलत नाही.

शीर्षकरचना तर वीस मिनिटांहून मोठी आहे. त्यात टायनर यांचा डावा हात खर्जात षड्ज-पंचमाचा घण घालतो, उजवा षड्ज-मध्यमाच्या अंतराने एकावर एक रचलेले सूर वाजवतो. ही शैली टायनर यांनी कोल्ट्रेनच्या साथीतच घडवली होती. बासरी, तालवाद्यं तिच्या जोडीला आली, तिच्या जागी नव्हे.

पत्रलेखकांनी ही शीर्षकरचना असलेली रेकॉर्डची दुसरी बाजू सलग ऐकावी आणि मग खुशाल शेरा मारावा.

आपला,
एक वाचक, डोंबिवली