काळवंडलेली ज्वारी कोणाच्या ताटात?

सोयाबीनने बरेच क्षेत्र व्यापले तरी अहमदपूर परिसरातून खरीप ज्वारी हद्दपार झालेली नाही. ती पक्व होत असताना पाऊस लांबला की कणसावर बुरशी चढते व दाणा काळवंडतो. मोंढ्यात अशा ज्वारीचा भाव पडतो. ती मात्र नष्ट होत नाही. चांगले धान्य ज्यांना परवडत नाही, त्यांच्याच चुलीपाशी ती पोहोचते.

हा धोका काल्पनिक नव्हे. १९७४ साली पंचमहाल व बांसवाडा जिल्ह्यांत बुरशीग्रस्त मक्यातील अफ्लाटॉक्सिनामुळे यकृताच्या विकाराने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांत बहुतेक आदिवासी होते. १९९५ साली दख्खनच्या पठारावरील काही गावांत भिजलेल्या ज्वारी-मक्यातील फ्युमोनिसिनाने पोटदुखी व अतिसाराची साथ आली. ही विषे भाकरी भाजल्यानेही पुरती नाहीशी होत नाहीत.

काळा दाणा विषारीच असतो असे नाही आणि पांढरा निर्धोक असतोच असेही नाही. कायद्याने धान्यातील अफ्लाटॉक्सिनाची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम ठरविली आहे. मोंढ्यातील भाव मात्र रंग व ओलावा पाहूनच ठरतो. तेव्हा बाजार समितीच्या आवारातच वाळवणीची व तपासणीची सोय हवी, आणि सदोष ठरलेला माल अखाद्य उपयोगासाठी शासनाने विकत घ्यावा. हा बोजा सरकारी तिजोरीने उचलला नाही, तर तो गरिबाच्या प्रकृतीवर पडेल, हे उघड आहे.