यादी कोणाच्या हाती?



निवडणूक आली की वस्तीत उमेदवाराची चर्चा होते, चिन्हाची होते. परंतु मतदार यादी करणारा, तारखा ठरवणारा, मतमोजणी करून घेणारा निवडणूक आयोग कोण नेमतो, हे सहसा कोणी विचारत नाही. बाबासाहेबांसमोर मात्र हा प्रश्न होता.

१५ जून १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी साऱ्या देशासाठी एकच निवडणूक आयोग असावा, अशी दुरुस्ती मांडली. कारण काय? वंशाने, संस्कृतीने किंवा भाषेने वेगळ्या असलेल्या लोकांची नावे काही प्रांतांत यादीतून वगळली जात होती. मताचा हक्क स्थानिक सरकारच्या मर्जीवर सोडायचा नाही, म्हणून आजचे ३२४ वे कलम आले.

त्याच चर्चेत शिब्बनलाल सक्सेना यांनी आयुक्ताच्या नेमणुकीला संसदेच्या दोन तृतीयांश बहुमताची मान्यता मागितली. मुख्य आयुक्ताला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच हटवता येते, हे संरक्षण मोठेच. पण मुळात सरकारच्या मुठीतला माणूसच नेमला तर? त्याला घटनेत अडसर नाही, हे बाबासाहेबांनी स्पष्ट मान्य केले.

हा प्रश्न पुढे ७४ वर्षे तसाच राहिला. टी. एन. शेषन यांनी १९९० ते १९९६ या काळात त्याच कलमाच्या बळावर भल्याभल्या पुढाऱ्यांना आचारसंहिता पाळायला लावली. पण खंबीर माणूस मिळणे हा योगायोग. लोकशाही योगायोगावर सोडता येत नाही.

२ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, कायदा होईपर्यंत पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश यांच्या समितीच्या सल्ल्याने नेमणूक करा. त्याच वर्षी डिसेंबरात संसदेने कायदा केला आणि सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी नेमलेला केंद्रीय मंत्री आला. तिघांत दोघे सरकारचे! हा हिशोब कळायला बी.कॉम. व्हावे लागत नाही.

नेमणुकीचा प्रश्न सभेत, मोर्चात, उमेदवाराच्या तोंडावर विचारत राहू या. पण आपल्या हातातले काम आजच करा. घरातल्या सगळ्यांची नावे यादीत आहेत का, पाहा. अठरा पूर्ण झालेल्या मुला-मुलींसाठी नमुना ६ भरा. खोली बदलली असेल तर नमुना ८. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव विसरू नका. मतदानाच्या दिवशी केंद्रावर भांडून नाव यादीत चढत नाही.

जयभीम!