हुक्का 'हर्बल', धूर मात्र विषारीच!

ठाणे, प्रतिनिधी

राज्यात हुक्का पार्लरवर बंदी येऊन अनेक वर्षे लोटली. तरीही ठाण्याच्या घोडबंदर रोडपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत पोलिसांना छापे घालावे लागतातच. अशा वेळी 'आमचा हुक्का हर्बल आहे, त्यात तंबाखू नाही' हा चालकांचा ठरलेला बचाव. न्यायालयात त्याला वजन असेलही. आरोग्याच्या दृष्टीने मात्र तो फोल आहे.

मुंबईतील कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी लागलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेला. हुक्क्यासाठीच्या कोळशाच्या ठिणग्या हे आगीचे संभाव्य कारण असल्याचे अग्निशमन दलाच्या चौकशीत पुढे आले. त्यानंतर २०१८ मध्ये राज्याने तंबाखू नियंत्रण कायद्यात दुरुस्ती करून हुक्का बारवर बंदी घातली. एक ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते एक लाख रुपये दंड, अशी तरतूद झाली. मात्र 'हुक्का बार'च्या व्याख्येत तंबाखूचाच उल्लेख असल्याने 'हर्बल'ची पळवाट खुली राहिली.

पाण्यातून धूर गाळला जातो, हा सर्वांत मोठा गैरसमज. पाण्याने धूर थंड होतो, शुद्ध नव्हे. उलट तो घशाला बोचत नसल्याने झुरका अधिक खोल जातो. एका बैठकीत शंभर सिगारेटींइतका धूर शरीरात जाऊ शकतो, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच दिला होता. तंबाखू वगळल्यास निकोटिन टळते. पण जळत्या कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड आणि धुरातील टार कायम राहतात. हा वायू रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटवतो. त्यामुळे डोकेदुखी, चक्कर, प्रसंगी बेशुद्धीही येते. एकच नळी तोंडोतोंडी फिरल्यास संसर्गाचा धोका निराळाच.

खाद्यगृहाच्या परवान्यात हुक्का पुरविण्याची मुभा आपोआप येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. म्हणजेच धुरात तंबाखू आहे की नाही, याच्या वादात न अडकता परवान्याच्या अटींवर बोट ठेवण्याचा मार्ग महापालिकांना मोकळा आहे. छाप्यांनी पार्लर काही दिवस बंद राहते. परवान्यावर गदा आली, तरच चालकांना जरब बसेल. आणि 'नुसता फ्लेवर आहे' असे सांगणाऱ्या मुलांना पालकांनी तंबाखूइतकेच कोळशाविषयीही विचारायला हवे.