अवघड जागेचे दुखणे लपवू नका

माकडहाडाजवळ, नितंबांच्या फटीच्या वरच्या टोकाला गाठ येते. ठणकते, फुटते, पू-रक्त गेले की बरे वाटते. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच! जागा अवघड, म्हणून मुलगा आईला सांगत नाही. मुलगी तर कोणालाच सांगत नाही. कोणी केसतोड समजून मलम लावतो, कोणी मूळव्याध समजून तिखट सोडतो.

या दुखण्याचे नाव पायलोनायडल सायनस. लॅटिन भाषेतील या नावाचा अर्थ 'केसांचे घरटे'. गळालेले केस फटीत साचतात. बसताना होणाऱ्या घर्षणाने ते सुईसारखे कातडीत शिरतात. आत पुंजका होतो, जंतू वाढतात व पू वाहण्यासाठी नळी तयार होते. केस कापणाऱ्या कारागिरांच्या बोटांच्या बेचक्यात गिऱ्हाइकाचे केस शिरूनही असाच विकार होतो.

वयात आल्यापासून तिशीपर्यंतच्या तरुणांत, विशेषतः पुरुषांत, हा विकार जास्त. दाट राठ केस, लठ्ठपणा आणि तासन् तास बसण्याचे काम यांमुळे धोका वाढतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातील सुमारे ८०,००० सैनिकांना यासाठी इस्पितळात ठेवावे लागले. खडखडत्या जीपमध्ये बसून होतो असे वाटल्याने त्याला 'जीपचा आजार' असेच नाव पडले! तेव्हा यात लाजण्यासारखे काही नाही. हा स्पर्शाने पसरणारा रोगही नाही.

पू झाला असेल तर नुसत्या गोळ्यांनी भागत नाही; छेद देऊन तो काढावा लागतो. घरी गाठ पिळू नये. वारंवार होत असेल तर सर्जन नळी व केस काढून टाकतात. जखम उघडी ठेवल्यास भरायला कित्येक आठवडे लागतात. टाके घालायचे असल्यास ते फटीच्या मध्यरेषेपासून बाजूला घेतल्यास दुखणे उलटण्याची शक्यता कमी होते. लहान नळीवर दुर्बिणीने किंवा लेसरनेही उपचार होतात. आपल्याला कोणता योग्य आणि कामावर केव्हा जाता येईल, हे आधीच विचारून घ्यावे. भगंदरही असेच वाहते; म्हणून तपासणी हवीच.

शस्त्रक्रियेनंतर जागा स्वच्छ व कोरडी ठेवा, आजूबाजूचे केस डॉक्टरांच्या सल्ल्याने काढत राहा, अधूनमधून उठून चार पावले चाला. धूम्रपानाने जखम लवकर भरत नाही, तेही सोडा.

आणि आईवडिलांनो, मुलगा एका कुशीवर बसू लागला, कपड्यांना डाग दिसले, तर रागावू नका. जवळ बसवून विचारा.