महिना हजार रुपये

शिष्यवृत्तीचा निकाल लागला की शाळेच्या फाटकावर फ्लेक्स चढतो. पोरांचे इवलेसे फोटो, आणि अभिनंदन करणाऱ्या साहेबांचे त्यांच्या दुप्पट. गुणवत्तेचा उत्सव आपल्याकडे दांडगा. त्या बक्षिसावर गरिबाचं पोर पुढे किती शिकलं, हे मात्र कोणी विचारत नाही.

मॅट्रिकला संस्कृतात अव्वल येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळत असे. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांनी पटकावली. पुढे केंब्रिज, आयसीएस, रिझर्व्ह बँकेचं गव्हर्नरपद. त्यांच्या बुद्धीविषयी शंका कोण घेणार? पण १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकूच दिलं नव्हतं, फारसी घ्यावी लागली. त्या शिष्यवृत्तीला ते बसणार तरी कसे? त्यांना गुण पडले ७५० पैकी २८२. आजच्या कुठल्या गुणवत्ता यादीत हे नाव आलं असतं? शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी शब्द टाकला, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा २५ रुपये सुरू केले, म्हणून बी.ए. पार पडलं. १९१३ साली कोलंबियाला गेले तेही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. पहिला नंबर कोणी विचारला नाही आणि पैसे महिन्याच्या महिन्याला येत राहिले.

आजच्या योजनांत या रीतीच्या त्यातल्या त्यात जवळ जाते ती आठवीतली एनएमएमएस, म्हणजे ‘नॅशनल मीन्स-कम-मेरिट स्कॉलरशिप’ परीक्षा. २००८ पासून देशभरात वर्षाला एक लाख शिष्यवृत्त्या. बसता येतं ते फक्त सरकारी, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या मुलांना, तेही पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर. जिल्हा परिषदेच्या पोराची गाठ इथे महागड्या क्लासवाल्यांशी पडत नाही, हे मला या परीक्षेचं सगळ्यात मोठं मोल वाटतं. याउलट होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखत. स्पर्धा उत्तमच, पण परीक्षानळी ज्याने फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिली, तो तिथे किती टिकणार?

एनएमएमएसचे पैसे नववी ते बारावी चार वर्षं मिळतात, वर्षाला बारा हजार. पण ही रक्कम २०१७ पासून जागची हललेली नाही. एसटीचा पास, वह्या, परीक्षेची फी यांत महिन्याचे हजार रुपये कधी संपतात ते आईलाच ठाऊक. शिवाय दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं. घरात हा अर्ज भरणारं कोणी नसेल, तर वर्गशिक्षकांच्या आठवणीवर सारी भिस्त.

माझी खरी तक्रार दहावीनंतरची आहे. हुशार पण गरजू मुलाला लवकर कमवायचं असतं. तो आयटीआयला किंवा पॉलिटेक्निकला जातो आणि तिथेच शिष्यवृत्ती थांबते, कारण ती अकरावी-बारावीच्याच वाटेवर चालते. म्हणजे ज्याला नोकरीची घाई सर्वात जास्त, त्याचेच पैसे बंद. हे कलम बदलायला नवी योजना लागत नाही, एक शासकीय आदेश पुरेल. आणि तो निघेल तेव्हा बारा हजारांचा आकडाही बदलून टाकावा.